क्वांटममध्ये जायचंय? खान्देशातल्या आठवी ते बारावीच्या पोरांसाठी

मागच्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला, मामा क्वांटम फिजिक्समध्ये करिअर असतं का आणि त्याच्यासाठी काय करावं लागतं. पोरगं नववीत, चोपड्याकडे राहतं, घरची केळी आहे. मी उत्तर टाईप करतोय तोवर त्याच्या बापाचा मेसेज, "भो, आधी नोकरी लागते का ते सांग." दोघांना एकदमच उत्तर द्यावं म्हणून बसलो आणि ते लांबत लांबत एवढं झालं. मी अमळनेर तालुक्यातला, जळगावला बीएस्सी केलं, मग जॅम म्हणजे एमएस्सीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन बाहेर एमएस्सी, आता ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. मी काही क्वांटमचा सायंटिस्ट नाही, पण कुठल्या वळणावर आपली पोरं गाडी चुकवतात ते दरवर्षी बघून राहिलोय.

आधी हे क्वांटम आहे काय. माझ्या आजीने एकदा विचारलं होतं, "हाई क्वांटम काय शे?" तेव्हा मी तिला शेतातला सोलर पंप दाखवला होता. ऊन हे नळाच्या धारेसारखं सलग येत नाही, पुड्या-पुड्यांनी येतं, आणि एक पुडी पॅनलमधल्या एका इलेक्ट्रॉनला ढकलते. पुडी पुरेशी दणकट असली तर इलेक्ट्रॉन सुटतो, नसली तर तसल्या कितीही पुड्या टाका, काही होत नाही. या पुड्यांचा हिशोब १९०० साली मॅक्स प्लांकने मांडला, १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तो प्रकाशाला लावला, १९२४ मध्ये ढाक्यात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोसांनी त्याच विषयावरचा पेपर थेट आइन्स्टाइनला पाठवला आणि त्यांनी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापायला दिला. साक्रीकडचे सोलरचे प्लांट, घरातले एलईडी बल्ब, मोबाईलमधली चिप, हे सगळं त्याच हिशोबावर चालतं. आता जे नवीन चाललंय ते असं की एकच अणू किंवा एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाची एक पुडी, पकडायचा आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचं, मग ते गणित करायचं असो, न फुटणारं कुलूप लावून मेसेज पाठवायचा असो, नाहीतर एकदम बारीक काहीतरी मोजायचं असो.

सरकारने १९ एप्रिल २०२३ ला नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलं, ६००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत. त्याचे चार हब आहेत, कॉम्प्युटिंगचं बेंगळुरूच्या आयआयएस्सीत, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, कम्युनिकेशनचं आयआयटी मद्रासला, मटेरियलचं आयआयटी दिल्लीला, आणि सेन्सिंगचं आपल्या आयआयटी मुंबईत. पुण्यात आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थेत क्वांटमचं वेगळं सेंटर आहे, डीआरडीओची क्वांटमची लॅब पण पुण्यातच आहे, आणि त्या लॅबने मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेबरोबर २०२४ मध्ये सहा क्युबिटचा प्रोसेसर चालवून दाखवला, क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला शून्य-एक साठवणारा सगळ्यात लहान भाग. म्हणजे भुसावळला रात्री गाडीत बसलास तर सकाळी उतरशील एवढ्या अंतरावर हे काम चाललंय.

आता बापाचा प्रश्न. नोकरी लागते, पण उशिरा लागते, हे आधीच सांगून ठेवतो. रिसर्चचा रस्ता धरला तर बारावीनंतर पाच वर्षं एमएस्सीपर्यंत आणि पुढे पाच-सहा वर्षं पीएचडी, म्हणजे पोरगं अठ्ठावीस-एकोणतीसचं होतं. फरक एवढाच की पीएचडीत घरून पैसे लागत नाहीत, उलट मिळतात. एमएस्सीनंतरच्या नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि नंतर ४२ हजार, शिवाय घरभाडं. एमएस्सीनंतर पीएचडी नको असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल आहे, तिथे निवड झाली की वर्षभर स्टायपेंडवर शिकवतात आणि मग सायंटिफिक ऑफिसर. इंदूरला राजा रामण्णा सेंटर आहे, लेझर आणि सिंक्रोट्रॉनचं काम तिथे चालतं, धुळ्याहून सरळ हायवेने जाता येतं आणि आपल्या भागात त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं याचं मला नेहमी वाईट वाटतं. ज्यांच्या घरी बाविसाव्या वर्षी पगार आलाच पाहिजे अशी परिस्थिती आहे त्यांच्यासाठी पण रस्ता आहे, तो खाली लिहितो, त्यामुळे वाचणं सोडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं तर गणित. क्वांटम क्वांटम करणारी निम्मी पोरं युट्यूबवर त्या मांजरीचे व्हिडिओ बघतात, डब्यातलं मांजर जिवंत पण आणि मेलेलं पण, मज्जा येते, आणि दहावी झाली की मॅथ्स सोडून बायो घेतात कारण शेजारचा नीटचा क्लास लावतोय. एकदा मॅथ्स सुटलं की हा विषय सुटलाच समज. अकरावीत फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स ठेव, बायो पण झेपत असेल तर चौथा विषय म्हणून घे, उपयोगी पडतो, का ते पुढे सांगतो. गणित किती? तुझ्या बोर्डाच्याच पुस्तकातलं. अकरावीतले कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स आणि प्रॉबॅबिलिटी, बारावीतलं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन, आणि फिजिक्समधले व्हेक्टर. पोरं विचारतात कॉम्प्लेक्स नंबरचा उपयोग काय, तर क्वांटमचा सगळा बाजार त्याच्यावरच मांडलेला आहे.

एक उदाहरण देतो, हे समजलं तर तुझ्यात या विषयाचा किडा आहे असं मी मानेन. नाणं उडवलं तर छापा-काटा पन्नास-पन्नास टक्के. परत उडवलं तरी पन्नास-पन्नासच. आता क्युबिट घे, शून्यावर ठेवलेला, आणि त्याला हॅडामार्ड नावाचं एक गेट, म्हणजे क्युबिटवर करायची एक क्रिया, लाव. मोजलंस तर निम्म्या वेळा शून्य, निम्म्या वेळा एक, हुबेहूब नाण्यासारखं. पण मोजू नकोस, तेच गेट परत एकदा लाव आणि मग मोज. शंभर टक्के शून्य येतं, दर वेळी. नाणं दोनदा उडवल्यावर पहिलं होतं तसंच पडतं असं कधी बघितलंय का? हे होतं कारण तिथे टक्क्यांची बेरीज होत नाही, टक्क्यांच्या आधीचा एक आकडा असतो त्याची बेरीज होते, तो आकडा उणे पण असू शकतो, त्यामुळे "एक"कडे जाणारे दोन रस्ते एकमेकांना खाऊन टाकतात. उणे-अधिक अर्धा-अर्धा, एकूण शून्य. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचा गुणाकार करून हे वहीवर दोन मिनिटात दिसतं. आणि वहीवर झालं की आयबीएमच्या साईटवर फुकट अकाउंट काढून हेच सर्किट माऊसने ओढून बनवता येतं, खऱ्या क्वांटम कॉम्प्युटरवर चालवायला पण दर महिन्याला काही मिनिटं फुकट मिळतात. खऱ्या मशीनवर मात्र शंभर टक्के येणार नाही, थोडे चुकार एक येतील, कारण मशीनमध्ये गोंधळ असतो, आणि तो गोंधळ कमी करण्यासाठीच जगभर माणसं राबून राहिली आहेत. पायथन शिकलास तर किस्किट नावाची फुकट लायब्ररी आहे, पण नववीत लगेच त्याच्या मागे लागू नकोस, आधी साधं पायथन येऊ दे.

हाताने करायचं पण सांगतो, कारण आपल्याकडच्या पोरांची एक गोष्ट मला आवडते, यांना स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, मोटार जळाली तर ती उघडून बघतात. इलेक्ट्रिकच्या दुकानातून लाल, हिरवा, निळा असे तीन साधे एलईडी आण, पारदर्शक काचेचे, एक नऊ व्होल्टचा सेल, एक हजार ओहमचा पॉट म्हणजे रेडिओच्या व्हॉल्यूमला असतो तो, तीनशे तीस ओहमचा एक रेझिस्टर आणि साधं मल्टिमीटर. सेलच्या दोन टोकांना पॉटची बाहेरची दोन टोकं, मधल्या टोकातून रेझिस्टर आणि मग एलईडी, एलईडीचं दुसरं टोक सेलच्या मायनसला. खोलीत अंधार कर, एलईडीवर काळ्या पाईपचा तुकडा ठेवून त्यातून बघ, आणि पॉट हळूहळू फिरव. पहिला मिणमिणता उजेड दिसला की थांब आणि एलईडीवरचा व्होल्टेज मोज. लाल साधारण पावणेदोनच्या आसपास पेटायला लागेल, निळ्याला अडीचच्या आसपास जावं लागेल. का? निळ्या प्रकाशाची पुडी मोठी असते, तेवढी ऊर्जा दिल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. हिशोब सोपा आहे, १२४० ला प्रकाशाच्या तरंगलांबीने भागायचं, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, की व्होल्टचा आकडा येतो. लाल ६३० धरलास तर जवळपास १.९७, निळा ४६५ धरलास तर २.६७. उलट्या बाजूने गेलास तर प्लांकचा स्थिरांक, म्हणजे पुड्यांच्या हिशोबातला मूळ आकडा, मिळतो. आमच्या कॉलेजच्या पोरांचा दहा-पंधरा टक्क्यांनी चुकतो, पण जी गोष्ट मोजायची ती दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यांनी सुरू होते आणि ती तू घरी सेलवर मोजलीस, याला काय म्हणशील.

दुसरं, अगदी कमी खर्चात होणारं. लेझरची लाल पेन, तिच्या समोर डोक्याचा एक केस ताणून चिकटव, दोन मीटरवर भिंत. भिंतीवर केसाची सावली पडत नाही, आडवी ठिपक्यांची रांग दिसते. मधल्या उजेडापासून पहिल्या काळ्या पट्ट्यापर्यंतचं अंतर मोज, दोन सेंटिमीटरच्या आसपास येईल, त्यावरून केसाची जाडी काढता येते, सत्तर मायक्रॉनच्या आगेमागे, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेझर डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, लहान भावंडांना हातात द्यायचा नाही, आणि जत्रेतले हिरवे लेझर तर आणूच नको. बाकी ज्याला करून बघणं शक्य नाही त्याने मोबाईलवर फेट सिम्युलेशन बघावं, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचं, फुकट, बरीचशी मराठीत पण आहेत. ते सुरू करणारे कार्ल वीमन म्हणजे ज्यांना बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट प्रत्यक्षात करून दाखवल्याबद्दल २००१ चं नोबेल विभागून मिळालं तेच.

आता परीक्षा, म्हणजे जिथे आपली पोरं सगळ्यात जास्त मार खातात, आणि तो मार्कांनी नाही तर माहितीच नसल्याने. माझंच घ्या. बारावीला मला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते, मी सरांना विचारलं पुढे फिजिक्स कुठे करू, तर सर म्हणाले बीएस्सी ही इंजिनिअरिंगला नंबर न लागलेल्यांसाठी असते. आयसर नावाचं काही असतं हे मला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कळलं, तेव्हा वय आणि वर्ष दोन्ही निघून गेलेलं. माझी दोन वर्षं नुसती न्यूनगंडात गेली. तर तुझ्या बाबतीत असं व्हायला नको म्हणून नीट वाच.

आयसर म्हणजे देशात सात संस्था, त्यातली एक पुण्यात. पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स, प्रवेश फक्त त्यांच्याच आयएटी परीक्षेतून, जेईईच्या मार्कांवर आता मिळत नाही. साठ प्रश्न, तीन तास, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो प्रत्येकी पंधरा, बरोबरला चार, चुकीला उणे एक. आता कळलं ना बायो पण ठेव का म्हटलं ते, पंधरा प्रश्न सरळ सोडून देणं परवडत नाही. याच परीक्षेतून बेंगळुरूच्या आयआयएस्सीचा चार वर्षांचा बीएस पण मिळू शकतो. दुसरी परीक्षा नेस्ट, तिच्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिना कॅम्पसमधलं सीईबीएस या दोन विज्ञान संस्था, दोन्हीकडे पाच वर्षांचं एमएस्सी, आणि निवड झालेल्या बहुतेकांना वर्षाला साठ हजारांची शिष्यवृत्ती. तिसरी जेईई ॲडव्हान्स्ड, तिच्यातून आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंग फिजिक्सचं बीटेक. जेईईचा क्लास लावलाच असेल तर ही ब्रँच चॉईस फॉर्ममध्ये खाली ढकलू नकोस, कॉम्प्युटर नाही मिळालं म्हणून रडत घेण्यासारखी ती ब्रँच नाहीये. आयएटी आणि नेस्टच्या वेबसाईट फेब्रुवारीपासून दर आठवड्याला उघडून बघायच्या. सेतूवाल्यावर सोडू नका, तो नीट आणि सीईटीचे फॉर्म डोळे मिटून भरतो, पण आयएटी म्हटलं की आयटीआय समजतो, हे माझ्यासमोर झालंय.

लहान वर्गातल्यांसाठी, सहावीत आणि नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते, मराठीतून देता येते, आणि तिच्यातली प्रयोगाची फेरी मार्कांपेक्षा जास्त शिकवून जाते. दहावीपर्यंत एनएसईजेएस आणि बारावीपर्यंत फिजिक्सची एनएसईपी, या ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायऱ्या, नोव्हेंबरमध्ये होतात, नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरकडे. पुढची पायरी मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरकडे. निवड नाही झाली तरी जुने पेपर सोडव, फुकट मिळतात, एकेका गणिताला दोन-दोन दिवस लागतील, लागू दे. कुणी केव्हीपीवाय ही शिष्यवृत्तीची परीक्षा दे म्हणालं तर त्याला सांग ती २०२२ मध्येच बंद झाली, अजून कितीतरी शिक्षक तेच सांगून राहिले आहेत.

आणि यातलं काहीच नाही मिळालं तर? तर जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा, जिथे जवळ पडेल तिथे बीएस्सी फिजिक्स घे आणि लाजू नकोस. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाची बीएस्सी घेऊन जॅम देता येते, आणि जॅममध्ये चांगला नंबर आला की आयआयटीत एमएस्सी किंवा आयआयएस्सीत एमएस्सी-पीएचडी एकत्र. जॅमला तू कुठल्या कॉलेजातून आलास हे कुणी विचारत नाही. फक्त एक पथ्य पाळ, बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून स्वतः गणितं सोडव, कारण कॉलेजच्या पेपरात व्याख्या लिहून पास होता येतं आणि तीच सवय पुढे नडते. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी साईटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे क्वांटमचे पूर्ण कोर्स फुकट आहेत. इंग्लिशची भीती असेल तर पहिला महिना त्रास होतो, व्हिडिओ पाऊण स्पीडला लावायचा, ऐकलेला शब्द वहीत लिहायचा, दुसऱ्या महिन्यात कान बसतो. मी पण जिल्हा परिषदेच्या शाळेतलाच आहे.

ज्यांना लवकर पगार पाहिजे त्यांच्यासाठी आता. क्वांटम कॉम्प्युटरचा एक प्रकार असा असतो की त्याची चिप एका खास फ्रीजमध्ये ठेवावी लागते, निरपेक्ष शून्य म्हणजे थंडीची शेवटची मर्यादा, तिच्या वर केवळ दहा-वीस मिलिकेल्विन, म्हणजे एका अंशाचा शंभरावा-पन्नासावा भाग, बाहेरच्या अंतराळापेक्षा पण थंड. भुसावळला मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो तेव्हा हे वाक्य वाचायला फार बरं वाटतं. आता तो फ्रीज कोण सांभाळतो? व्हॅक्यूमचे पंप कोण जोडतो, मायक्रोवेव्हच्या केबल कोण टाकतो, दशांश मिलिमीटरचा तांब्याचा सुटा भाग लेथवर कोण काढून देतो? त्याला पीएचडी लागत नाही, त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा, मेकॅनिकलचा, इन्स्ट्रुमेंटेशनचा चांगला हात लागतो. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस, त्यांचं काम इलेक्ट्रिक सर्किटमध्ये क्वांटमचा परिणाम दाखवण्याचंच होतं. तेव्हा दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग बीटेकच्या थेट दुसऱ्या वर्षाला, त्यात क्वांटम टेक्नॉलॉजी मायनर म्हणजे जोडविषय म्हणून घेता येते का ते कॉलेजला विचारायचं, कारण एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने त्याचा अभ्यासक्रम डिसेंबर २०२४ मध्ये काढलाय. नोकरी लागली तर कर, मन झालं तर गेट नावाची एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन आयआयएस्सीत क्वांटम टेक्नॉलॉजीचं एमटेक आहे. यात बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हातात डिग्री असते आणि साधी इलेक्ट्रॉनिक्सची नोकरी तर कुठेच गेली नाही. हिंगोलीला औंढ्याजवळ लायगो उभं राहतंय, गुरुत्वीय लहरी पकडणारं, अमेरिकेतल्या लायगोत प्रकाश क्वांटमच्या युक्तीने दाबून वापरतात, म्हणजे तसली माणसं मराठवाड्यात पण लागणार.

एका गोष्टीपासून लांब राहा. क्वांटम शब्द लावून काहीही विकून राहिलेत लोक, क्वांटम ब्रेसलेट, क्वांटम पाणी, आणि आता शाळेच्या पोरांसाठी तीन दिवसांचा क्वांटम कॅम्प, हजारोंची फी आणि शेवटी चकचकीत सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट आयसर पण बघत नाही आणि आयआयटी पण नाही. त्या पैशात मल्टिमीटर येतं, दोन वर्षांच्या वह्या येतात आणि पुण्याचं येण्या-जाण्याचं तिकीट निघतं. पुण्याला गेलात तर दुसरा शनिवार बघून जा, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळेच्या पोरांसाठी त्या दिवशी व्याख्यान असतं, प्रयोग दाखवतात, मराठीत पण असतं. एक रात्र नातेवाईकाकडे काढायची. भाच्याला मी याच वर्षी नेणार आहे.

आणि बापांसाठी शेवटचं काम, हे पोराचं नाही, तुमचं आहे. बारावीच्या वर्षी ओबीसी असाल तर नॉन क्रिमिलेयर केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं चालत नाही, आणि १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. ईडब्ल्यूएसचं पण तसंच, त्याच आर्थिक वर्षाचं. तहसीलला एप्रिल-मे म्हणजे लग्नं, ऊन आणि सर्व्हर डाऊन, त्यामुळे लागणारी कागदपत्रं मार्चमध्येच गोळा करून ठेवा आणि अर्ज १ एप्रिल उजाडल्या उजाडल्या टाका. फॉर्मवर मोबाईल नंबर घरातल्या चालू फोनचा द्या, सेतूवाल्याचा नको, नाहीतर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो लग्नाला गेलेला असतो.